चिकटणारे कण की निसटणारे?

योनीमार्गात औषध जास्त वेळ टिकवायचं तर ते वाहून नेणारे अतिसूक्ष्म कण चिकट हवेत, असं आधी मलाही वाटलं होतं. म्हणून सुरुवात चिटोसानने केली, म्हणजे धनभारामुळे चिकटणाऱ्या नैसर्गिक पॉलिमरने. बनवायला सोपं: ढवळत राहायचं आणि कण बांधणारं ट्रायपॉलीफॉस्फेट थेंब थेंब सोडायचं. सेंद्रिय द्रावक लागत नाही, त्यामुळे प्रथिनासारखं नाजूक औषध असेल तर आजही मी तिकडेच वळेन. दुसरा पर्याय पीएलजीए, म्हणजे शरीरात हळूहळू विघटन होणारं पॉलिमर, त्यावर पीईजीचा (पॉलीइथिलीन ग्लायकॉलचा) निसटता लेप दिलेला. त्यात द्रावक काढत बसावं लागतं. शिवाय टेनोफोविरसारखं पाण्यात विरघळणारं एचआयव्हीविरोधी औषध त्यात नीट भरत नाही, बरंचसं कण बनतानाच बाहेर निघून जातं.

म्युकस म्हणजे योनीतला चिकट स्राव, आणि म्युसिन हे त्यातलं मुख्य प्रथिन. विकतच्या म्युसिन पावडरीवर तपासलं तेव्हाही चिटोसानच पुढे. पण त्या पावडरीचं खऱ्या म्युकससारखं जाळं बनत नाही, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

मग उंदराच्या योनीच्या ऊतींचे काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. चिटोसानचे चमकणारे कण मधल्या म्युकसमध्ये दोरीसारखे गुंतलेले, आणि योनीच्या भिंतीच्या घड्या अंधारात. पीईजीवाल्या कणांची बारीक उजळ रेघ मात्र घडीच्या तळापर्यंत, पेशींना लागून. वरचं म्युकस सतत वाहून जातं. त्याला धरून बसलेलं औषधही त्याच्याबरोबर जाणार. काही तासांनी घेतलेल्या कापांत त्या दोऱ्या जवळपास दिसेनाशा झाल्या होत्या. माझा निर्णय तिथेच झाला.

यात चिटोसानवर थोडा अन्याय होत असेल. त्याचा धनभार आम्लात टिकतो. माणसाच्या योनीचा सामू साधारण 3.8 ते 4.5, उंदराचा जवळपास उदासीन. म्हणून दात्यांकडून मिळालेल्या ताज्या म्युकसमध्येही पाहिलं. गुठळ्या तिथेही झाल्याच. शिवाय वीर्यामुळे सामू चढतो, म्हणजे एचआयव्ही रोखणारं औषध ज्या वेळी हवं नेमकी तीच वेळ चिटोसानला अवघड.

पीएलजीए घ्यायचं ठरवलंत तर कण फार बारीक करायच्या मागे लागू नका. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या कामात दाट लेपाचे 200 आणि 500 नॅनोमीटरचे कण मानवी म्युकसमध्ये पाण्याच्या तुलनेत जेमतेम 4 ते 6 पट हळू सरकले. 100 नॅनोमीटरचे मात्र जास्त अडखळले. पीईजीची साखळी आखूड ठेवा, 2 ते 5 हजार डाल्टन रेणूभाराची, आणि झीटा पोटेन्शियल (कणांच्या पृष्ठभागावरचा विद्युतभार दाखवणारा आकडा) शून्याच्या आसपास आलंय ना ते प्रत्येक खेपेला बघा. माझी एक खेप लेप विरळ राहिल्यामुळे फुकट गेली. सूक्ष्मदर्शकाखाली पुन्हा त्याच दोऱ्या.