भिंतीवरचं आयएसओ सर्टिफिकेट बघून माल घेतला आणि फसलो

वडोदऱ्यात मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) आमचं छोटं मशीनशॉप आहे, पंपाचे शाफ्ट करतो, सगळे एसएस 304 या स्टेनलेस स्टीलच्या ग्रेडचे. जुना सप्लायर माल उशिरा द्यायला लागला म्हणून नवा धरला, रेट जरा कमी आणि ऑफिसात फ्रेम केलेलं आयएसओ 9001:2015 चं सर्टिफिकेट. कॉपी मागितली तर लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर रंगीत पीडीएफ. मी ती फाइलला लावली आणि जुन्याला बंदच केलं, म्हणजे सगळा माल एकाच माणसाच्या हातात दिला.

पाच महिन्यांनी कस्टमरचा फोन, शाफ्टला गंज चढलाय. माझा विश्वासच बसेना. मँगनीज टेस्टचं किट आणलं, बारवर थेंब टाकला, बॅटरी लावली, थेंब बघता बघता लाल, म्हणजे मँगनीज जास्त. दुसरा बार, तिसरा बार, तेच. मग एनएबीएलची (लॅबना मान्यता देणारी संस्था) मान्यता असलेल्या लॅबला तुकडा दिला. 304 मध्ये निकेल कमीत कमी 8 टक्के लागतं, आमच्यात त्याच्या निम्मंही नाही, आणि मँगनीज 2 च्या आत हवं ते 9 च्या वर. सरळ सरळ 200 सिरीज, म्हणजे कमी निकेलचं स्वस्त स्टेनलेस! 304 ला चुंबक चिकटत नाही म्हणून आम्ही इतके दिवस चुंबक लावून माल उतरवून घेत होतो, पण 200 सिरीजमधल्या 202 ला पण चुंबक चिकटत नाही हो.

मग रात्री बसून कागद काढले. सर्टिफिकेटवर मधोमध आयएसओचा लोगो, आणि आयएसओ स्वतः कुणालाच सर्टिफिकेट देत नाही, ते देणारी बॉडी वेगळी असते आणि तिला एनएबीसीबीसारख्या (अशा बॉडींना मान्यता देणाऱ्या) संस्थेची मान्यता आहे का ते बघायचं असतं. इथे मान्यतेचा शिक्काच नाही, आयएएफ सर्टसर्च या सर्टिफिकेट तपासायच्या वेबसाइटवर नंबर टाकला तर काही सापडलं नाही. बरं, खरं असतं तरी 9001 कामाच्या पद्धतीचं असतं, हा बार 304 आहे असं ते कुठेच म्हणत नाही. आणि तीन वेगवेगळ्या बिलांच्या टीसीवर (मालासोबत येणारं टेस्ट सर्टिफिकेट) हीट नंबर, म्हणजे स्टील वितळवलेल्या घाण्याचा नंबर, एकच, फक्त तारीख बदललेली. हे मी पहिल्याच दिवशी बघायला हवं होतं, खूप वाईट वाटतं.

नव्या सप्लायरचे शेठ म्हणाले, "भाऊ, माल तर तुम्ही बघूनच घेतला ना." त्यानंतर फोन उचलत नाहीत. कस्टमरची डेबिट नोट (आमच्या बिलातून पैसे कापल्याचा कागद) आलीये, जुन्या सप्लायरकाकांकडे परत जाऊन हात जोडले, आणि आता दोघांकडून माल घेतो.

तुमच्याकडे स्टेनलेस येत असेल तर उद्या गाडी उतरवायच्या आधी टीसीवरचा हीट नंबर बारवरच्या नंबराशी जुळवा, आणि एक तुकडा कापून लॅबला पाठवा.