गूगल अर्थ टाइमलॅप्स: एका मोजणीवाल्याचा अभिप्राय

माझी सगळी नोकरी जमीन मोजण्यात गेली. नकाशा समोर आला की डोळे आधी हद्दी शोधतात. गूगल अर्थमधलं टाइमलॅप्स उघडलं तेव्हाही तेच झालं. एखाद्या जागेची १९८४ पासूनची उपग्रहचित्रं वर्षावर्षाने एकामागोमाग सरकतात, वापरायला पैसे पडत नाहीत, आणि शेताचं उपनगर होताना बघायला याहून सोपी सोय मला तरी माहीत नाही.

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातलं गिल्बर्ट काढून बघा. एकेकाळी गवताच्या गाठी रेल्वेने बाहेर पाठवणारं हे गाव. १९८० च्या जनगणनेत सहा हजारही माणसं नव्हती; २०२० मध्ये अडीच लाखांवर गेली. मुख्य रस्ते मैला-मैलावर आखलेले, मधे शेतांचे चौकोन. टाइमलॅप्स चालू केलं की एक हिरवा चौकोन करडा होतो, शेजारचा तसाच हिरवा, त्याच्या पलीकडचा मात्र कधीच भरलेला. मधल्याने जमीन विकायला नकार दिला, की कुणी ती घेऊन भाव चढायची वाट बघत बसलं? ते वरून दिसत नाही. त्यासाठी खरेदीखतंच चाळावी लागतील. पण शेत मोडलं तरी चौकोन मोडत नाही, वसाहत त्याच चौकटीत बसते. मी त्यातच तासभर रमलो.

आता उणी बाजू. जुनी चित्रं लँडसॅट उपग्रहांची आहेत. त्यांचा एक ठिपका तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद, म्हणजे जवळपास नऊ गुंठे! एवढ्यात विहीर, गोठा, पाऊलवाट सगळं गडप. शिवाय ढग गाळून वर्षाला एकच चित्र तयार केलेलं असतं, त्यामुळे हंगाम कळत नाही. रान उघडं दिसलं म्हणून पडीक समजू नका. आणि १९८४ च्या आधीचं काहीच नाही. न्यूयॉर्कजवळ बटाट्याच्या शेतांवर १९४७ पासून उभं राहिलेलं लेव्हिटाउन इथे पहिल्या चित्रातच पुरतं वसलेलं आहे.

बारकावे हवे असतील तर त्याच ॲपमधली तारीखवार जुनी छायाचित्रं बघा. तीही सगळीकडे सारखी नाहीत; मीटरभराचा तपशील देणारी व्यावसायिक उपग्रहछायाचित्रं १९९९ नंतरच मिळू लागली.

पाचपैकी चार तारे. भूगोलाच्या तासाला जरूर दाखवा, फक्त सलग पळवू नका. चार-पाच वर्षांनी थांबवा आणि आधी रस्ता आला की घरं, ते मुलांनाच शोधू द्या.