पॅसी-म्यूर स्पीकिंग व्हॉल्व्ह: आवाजासाठी घ्या, पण खरा उपयोग खोकल्याला

बाटलीच्या बुचाएवढं प्लॅस्टिकचं टोपण आणि आत सिलिकॉनचा पातळ पडदा. बॅटरी नाही, बटण नाही. ट्रॅकिओस्टॉमी म्हणजे श्वासासाठी गळ्यातून थेट श्वासनलिकेत पाडलेलं भोक; त्यात बसवलेल्या नळीच्या १५ मिलिमीटरच्या तोंडावर हे टोपण बसतं. श्वास घेताना पडदा उघडतो आणि हवा नळीतून आत जाते. घेणं थांबलं की पडदा मिटतो. सोडलेल्या श्वासाला मग नळीतून परत यायला जागाच नसते. तो नळीच्या कडेने वर सरकतो, स्वरतंतूंमधून जातो आणि नाकातोंडावाटे बाहेर पडतो. यंत्र एवढंच.

कल्पना एका रुग्णाची. स्नायूंच्या आजारामुळे व्हेंटिलेटरवर असलेल्या डेव्हिड म्यूर या तरुणाने स्वतःला बोलता यावं म्हणून १९८०च्या दशकात हा व्हॉल्व्ह घडवला. नावातला दुसरा भाग पॅसी. व्हिक्टर पॅसी या कान-नाक-घसा शल्यचिकित्सकाने सहकाऱ्यांसह व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांमधल्या वापराचा अभ्यास १९९३ मध्ये ‘लॅरिंगोस्कोप’ या नियतकालिकात छापला.

‘स्पीकिंग व्हॉल्व्ह’ या नावामुळे सगळ्यांचं लक्ष आवाजाकडे जातं. पहिल्यांदा ‘आई’ किंवा ‘पाणी’ असा शब्द फुटतो तेव्हा खोलीतले सगळे हेलावतात, ते साहजिकच आहे. पण आमच्या मते या वस्तूची खरी किंमत खोकल्यात आहे. नीट खोकायचं तर आधी स्वरतंतू घट्ट मिटून त्यांच्याखाली दाब साठवावा लागतो. गळ्यात उघडी नळी असली की तो दाब साठतच नाही. बुडाला भोक पडलेली पिचकारी दाबल्यासारखं होतं. व्हॉल्व्हने ते भोक बुजतं. रुग्ण बेडका तोंडापर्यंत आणू लागतो आणि सक्शनच्या (यंत्राने स्राव ओढून काढण्याच्या) फेऱ्या कमी होऊ शकतात. नाकातून पुन्हा हवा खेळते म्हणून वास येतो, आणि वासाबरोबर चवही. हा फायदा माहितीपत्रकात एका ओळीत उरकलेला असतो, पण महिनाभर काहीच न चाखलेल्या माणसाला त्याचं मोल विचारा.

बाजारात इतर व्हॉल्व्हही आहेत. काहींचा पडदा विश्रांतीत उघडा राहतो आणि श्वास सोडण्याच्या जोराने मिटतो. मिटेपर्यंत थोडी हवा निसटते. पॅसी-म्यूरचा पडदा मुळातच मिटलेला असतो, श्वास घेतानाच उघडतो. त्यामुळे नळीत हवेचा खांब अडकून राहतो आणि स्राव नळीत चढून पडद्याला चिकटण्याचं प्रमाण कमी होतं. याचं मोल श्वास घेताना चुकवावं लागतं: पडदा उघडायला किंचित जोर लागतो. अगदी अशक्त रुग्णाला सुरुवातीला तो जाणवतो.

आता धोका. मराठीत इथे एक घोळ हमखास होतो. ‘कफ काढला का?’ यातला कफ म्हणजे छातीतला, की नळीभोवतीचा, नळी आणि श्वासनलिका यांच्यातली फट बंद करणारा फुगा (इंग्रजीत ‘कफ’)? निदान या एका कामापुरतं तरी फुग्याला फुगाच म्हणावं. फुगा फुगलेला असताना व्हॉल्व्ह लावला तर श्वास आत जातो आणि बाहेर यायला वाटच राहत नाही. प्रत्येक श्वासाबरोबर छाती आणखी भरते. रुग्णाला ओरडता येत नाही, कारण हवा स्वरतंतूंपर्यंत पोचतच नाही. काही श्वासांतच जिवावर बेतू शकतं. म्हणूनच पाकिटात पायलट बलूनला, म्हणजे आतला फुगा फुगलाय की नाही हे दाखवणाऱ्या बाहेरच्या छोट्या फुग्याला, लावायचं इशाऱ्याचं लेबल असतं. ते लावा. बहुतेक वेळा ते डबीतच राहून जातं. स्पंजचा फुगा असलेल्या नळीवर तर हा व्हॉल्व्ह कधीच लावायचा नाही. तो स्पंज आपोआप पुन्हा फुलतो.

क्रम असा ठेवावा. रुग्ण जागा हवा, बसता किंवा उशाशी उंच. आधी नळीतून आणि तोंडातून सक्शन. मग सिरिंजने फुगा हळूहळू रिकामा करायचा, एका झटक्यात नाही. फुग्यावर साचलेली लाळ आता खाली उतरते आणि जोराचा ठसका लागतो, म्हणून लगेच दुसरं सक्शन. हे दुसरं सक्शन गाळलं की रुग्ण खोकत राहतो आणि दोष व्हॉल्व्हवर येतो. त्यानंतर ग्लोव्ह घातलेलं बोट श्वास सोडताना नळीच्या तोंडावर क्षणभर धरायचं आणि ‘आ’ म्हणायला सांगायचं. आवाज किंवा तोंडातून स्पष्ट फुंकर आली तरच व्हॉल्व्ह हातात घ्यायचा. एका हाताने नळीची पट्टी गळ्याशी धरून दुसऱ्या हाताने व्हॉल्व्ह पाव फेरा फिरवत बसवायचा. काढतानाही तसंच, फिरवत. सरळ ओढला तर नळीच बाहेर येऊ शकते.

पहिल्या वेळी काही मिनिटंच लावावा, आणि तेवढा वेळ नाडी, ऑक्सिजन, श्वासाची गती आणि चेहरा बघत राहावं. एक खूण कुठलंही यंत्र न लावता कळते. व्हॉल्व्ह काढताच नळीतून ‘फस्स’ करून हवा सुटली, तर आतली हवा पूर्ण बाहेर पडत नव्हती. मॅनोमीटर (दाबमापक) जोडून मोजायचं असेल तर शांत श्वास सोडण्याच्या शेवटी दाब साधारण १० सें.मी. पाण्यापेक्षा कमी असावा. त्याहून वर गेला तर वाट अरुंद आहे असं समजावं.

अशा वेळी फाइलमध्ये ‘पेशंट घाबरतो, सहन होत नाही’ एवढंच लिहिलं जातं. आमचं मत आहे की भीती हे शेवटचं निदान असावं. आधी नळीची जाडी बघा. नळी श्वासनलिकेच्या पोकळीच्या दोन तृतीयांशापेक्षा जाड असेल तर कडेने हवा जाणार कुठून? रिकामा फुगासुद्धा सुरकुत्या पडून जागा अडवतो. नळीला घट्ट चिकटून बसणारा, पाण्याने भरायचा सिलिकॉनचा फुगा इथे बरा. याशिवाय नळीजवळ श्वासनलिकेत वाढलेलं मांस, श्वासनलिकेचं आकुंचन, सूज, किंवा मध्यभागी मिटून अडकलेले दोन्ही स्वरतंतू. यासाठी घशात दुर्बीण घालून बघावं लागतं. बऱ्याचदा एक आकार लहान नळी बसवली की काल न चाललेला तोच व्हॉल्व्ह आज चालतो. मागे भोक असलेली फेनेस्ट्रेटेड नळीच हवी असा समज आहे, पण तसं काही नाही.

व्हेंटिलेटरवर वापरायचा असेल तर काम एकट्याचं नाही. फुगा रिकामा आणि सोडलेला श्वास तोंडावाटे, त्यामुळे मशीनकडे हवा परतत नाही आणि परत येणाऱ्या हवेचा अलार्म वाजतच राहतो. तो बंद करून टाकणं हे उत्तर नव्हे. मर्यादा नव्याने बसवाव्या लागतात आणि वरच्या दाबाचा अलार्म नीट ठेवावा लागतो. गळती भरून काढायला टायडल व्हॉल्यूम (दर श्वासाला मशीन देते ती हवा) वाढवावं लागू शकतं, आणि पीप (श्वास सोडून झाल्यावरही मशीन फुप्फुसांत राखते तो दाब) बहुधा कमी करावा लागतो. नळीला जोडलेला कृत्रिम नाकाचा फिल्टर निरुपयोगी ठरतो, कारण त्याला ओलावा देणारा परतीचा श्वासच येत नाही. गरम ह्युमिडिफायर लावावा. सर्किटमधला कार्बन डायऑक्साइडचा आकडाही आता भरवशाचा नाही.

गिळण्याबद्दल विक्रेते जरा जास्तच बोलतात. व्हॉल्व्हमुळे स्वरतंतूंखाली दाब परत येतो, घशाला हवेचा स्पर्श कळतो, आणि काही रुग्णांचं श्वासनलिकेत घास जाणं खरोखर कमी होतं. पण सगळ्यांचं नाही. ठसका न लागताच अन्न श्वासनलिकेत उतरणं हा प्रकार या रुग्णांमध्ये अनोळखी नाही, आणि तो बाहेरून दिसत नाही. निळा रंग घालून नळीतून काय येतं ते बघण्याची जुनी चाचणी नकारात्मक आली म्हणजे धोका नाही, असं मानू नये. नाकातून दुर्बीण घालून गिळणं बघणारी फीस तपासणी सुझन लँगमोर आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये मांडली. ती किंवा क्ष-किरणांखालची तपासणी करावी, आणि दोनदा करावी: एकदा व्हॉल्व्ह लावून, एकदा काढून. दोन्हींत फरक दिसला तरच ‘जेवताना लावा’ असं लिहून देण्याला अर्थ आहे.

मॉडेल निवडणं सोपं आहे. ००५ पांढरा, जुना आणि साधा. ००७ निळसर हिरवा, व्हेंटिलेटरच्या डिस्पोजेबल नळीत बसतो. २००० पारदर्शक आणि २००१ जांभळा, हे दोन्ही ठेंगणे. पारदर्शक दिसायला सोज्वळ. पण तो नळीवर आहे की नाही हे लांबून कळत नाही, म्हणून माणसं बदलत राहतात तिथे जांभळाच घ्यावा, असं आम्हाला वाटतं. खोकल्याने उडून पलंगाखाली जाऊ नये म्हणून सोबतची दोरी वापरा.

रोज कोमट पाणी आणि बिनवासाचा साधा साबण, हलकेच घुसळणं, नीट खळखळवणं आणि हवेवर पूर्ण वाळवणं. गरम पाणी, स्पिरिट, ब्लीच, व्हिनेगर, पेरॉक्साइड, ब्रश, कापसाचा बोळा, यातलं काही नको. पडदा वाकडा होतो किंवा धागा अडकतो. नेब्युलायझरमधून औषध देताना काढून ठेवावा, नाहीतर औषधाने पडदा चिकट होतो. झोपताना काढायचाच. एकाचा दुसऱ्याला वापरायचा नाही. निर्माते किमान दोन महिन्यांची हमी देतात. त्याआधी पडदा फडफडू लागला, चिकटला किंवा श्वास घ्यायला जड जाऊ लागला तर बदलावा.

आणि एका माणसाला हा व्हॉल्व्ह चुकूनही लावू नये: ज्याचं स्वरयंत्र शस्त्रक्रियेत पूर्ण काढलं आहे. बाहेरून गळ्यातलं भोक सारखंच दिसतं, क्वचित नळीही सारखीच असते. पण त्याच्या श्वासनलिकेचा तोंडाशी संबंध उरलेला नसतो, त्यामुळे फुगा रिकामा करूनही वर जायला वाट मिळत नाही. पलंगाच्या डोक्याशी ‘स्वरयंत्र काढलेले आहे’ अशी पाटी असावी, ती याचसाठी. बेशुद्ध रुग्ण, न आवरणारा घट्ट स्राव, वरच्या वाटेत मोठा अडथळा, आणि लवचिकता फारच गेलेली फुप्फुसं, यांनाही नाही. तोंडातून घातलेल्या एंडोट्रॅकिअल नळीवर तर तो मुळीच लावायचा नाही.