जुनी जेट स्की तापतेय: यामाहा आणि सी-डूमधला फरक

यामाहाच्या इंजिनात थंडाव्यासाठी समुद्राचंच पाणी फिरतं. वर्सोवा-मढच्या गढूळ पाण्यात गाळ किंवा प्लास्टिकची पिशवी ओढली गेली की वाट तुंबते. इंजिन बंद करून आधी खालची जाळी साफ करा, मग नळाची नळी जोडून गोड्या पाण्याने फ्लश, म्हणजे आतली वाट धुऊन काढणं. आधी इंजिन सुरू, मग नळ. थांबवताना आधी नळ बंद, मग इंजिन. हा क्रम खरंच जपा, नाहीतर पाणी थेट सिलिंडरमध्ये शिरू शकतं.

सी-डूच्या फोर-स्ट्रोक इंजिनात कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) बंद चक्रात फिरतो, गाळ इंजिनात जात नाही. इंजिन थंड असताना कूलंटची पातळी बघा, मग थर्मोस्टॅट (तापमानानुसार कूलंटची वाट उघडणारी झडप). एक्झॉस्टला मात्र समुद्राचंच पाणी, म्हणून फ्लश तिथेही हवाच. आपल्या किनाऱ्यासाठी जुनी घ्यायची तर मी सी-डू घेईन.