‘रन’ या एका शब्दावर तपासलेला ऑक्सफर्डचा शब्दकोश

शब्दकोश विकत घेताना दोन-चार अवघड शब्द काढून पाहण्याची आपल्याकडे रीत आहे. अवघड शब्दांना मात्र बहुधा एकच अर्थ असतो आणि तो फोनवरही क्षणात सापडतो. कोशाचा कस लागतो तो ‘रन’, ‘सेट’, ‘गेट’ अशा शब्दांवर, जे प्राथमिक शाळेतल्या मुलालाही येतात अशी आपली समजूत असते. म्हणूनच २०२० साली निघालेल्या ‘ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी’च्या दहाव्या आवृत्तीचे हे परीक्षण लिहिताना मी मुख्यतः ‘रन’ची नोंद समोर ठेवली आहे. वडोदऱ्यातील ज्या मराठी घरांत मुले शाळेत गुजराती किंवा इंग्रजी आणि जेवताना मराठी बोलतात, त्या घरांच्या गरजा मनात धरून मी ती वाचली.

या शब्दाचा पसारा किती आहे हे आधी सांगायला हवे. ऑक्सफर्डच्याच मोठ्या ऐतिहासिक कोशासाठी पीटर गिलिव्हर या संपादकाने ‘रन’ या क्रियापदाची नव्याने मांडणी केली, तेव्हा अर्थच्छटांची संख्या ६४५ भरली आणि त्या एका कामाला नऊ महिने लागले. विद्यार्थ्यांच्या कोशाला हा डोलारा परवडणारा नाही. तिथे अर्थांची संख्या पुष्कळच कमी केली आहे आणि बहुतेक अर्थांच्या आरंभी ठळक अक्षरांत एक छोटा मथळा दिला आहे: शर्यत, घाई, व्यवस्थापन, वाहन किंवा यंत्र, बस-आगगाड्या, नाटक-चित्रपट, द्रव पदार्थ, रंग, वर्तमानपत्र, निवडणूक. आपल्या वाक्यात कशाबद्दल बोलणे चालले आहे एवढे कळले की वाचकाने फक्त मथळ्यांवरून नजर फिरवायची आणि हवी ती व्याख्या गाठायची. पूर्ण नोंद वरपासून खालपर्यंत वाचण्याची शिक्षा त्यामुळे टळते, आणि माझ्या मते या कोशाचा सर्वांत मोठा गुण हाच आहे.

मराठी वाचकाला हे मथळे एका गमतीच्या ठिकाणी आणून सोडतात. इंग्रजीत जे धावते, त्यातले बरेचसे आपल्याकडे चालते. दुकान चालते, यंत्र चालते, नाटक चालते, संस्था आपण चालवतो. गुजरातीतही दुकान चालतेच, त्यामुळे इथल्या मुलाच्या घरच्या आणि बाहेरच्या भाषेचे याबाबतीत एकमत आहे. पाणी आणि सर्दीतले नाक वाहते, बांधणीचा कच्चा रंग धुताना जातो, बातमी छापून येते, आणि निवडणुकीला उमेदवार चक्क उभा राहतो. ब्रिटिश इंग्रजीतही तो उभाच राहतो, धावतो तो मुख्यतः अमेरिकेत. हा भेद कोशाने नोंदीतच सांगितला आहे. उरलेल्या अर्थांत खरोखर पाय उचलून पळण्याचा अर्थ पहिल्या क्रमांकावर असला, तरी वर्तमानपत्र किंवा कार्यालयीन पत्र वाचणाऱ्याला त्याची गरज फारच कमी पडते.

नामाच्या बाजूने पाहिले, तर वडोदऱ्याच्या माणसाला क्रिकेटची धाव शिकवण्याचे कारण नाही. १९४६-४७ च्या रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात याच शहरात विजय हजारे आणि गुल महंमद यांनी होळकर संघाविरुद्ध चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची भागीदारी केली होती. अडचण अशी की या क्रिकेटप्रेमामुळे ‘रन आउट’ म्हटले की मुलांच्या डोळ्यांपुढे यष्ट्या येतात, आणि दूध ‘रन आउट’ झाले या वाक्यापाशी ती अडखळतात. कोशात वस्तू संपण्याचा अर्थ आणि फलंदाज धावचीत होण्याचा अर्थ स्वतंत्र नोंदींत दिले आहेत, हे उत्तम. मात्र अशी जोडक्रियापदे मुख्य अर्थांच्या रांगेत नसून नोंदीच्या शेवटी एकत्र केलेली असतात. ही रचना ज्याला कोणी दाखवून दिलेली नाही, तो मधल्या मथळ्यांतच शोधत बसतो आणि कोश मिटून टाकतो.

हा कोश मुळात परभाषकांसाठी जन्मला. ए. एस. हॉर्न्बी जपानमध्ये इंग्रजी शिकवत असत. त्यांनी दोन सहकाऱ्यांसह केलेला कोश १९४२ साली तोक्योत प्रसिद्ध झाला आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डने तो आपल्या नावाने काढला. व्याख्या सुमारे तीन हजार नेहमीच्या शब्दांत बसवण्याची आजची शिस्त त्याच हेतूला धरून आहे. तरीही व्याख्या इंग्रजीतच असल्याने आठवीच्या खालच्या मुलाला तो जड जातो, आणि मराठी प्रतिशब्द तर त्यात मिळणारच नाही. त्यासाठी शेजारी इंग्रजी-मराठी कोश ठेवावा लागतो. मोल्सवर्थ आणि कँडी यांच्या १८४७ च्या कोशापासून चालत आलेल्या त्या परंपरेत प्रतिशब्दांची श्रीमंती आहे, पण कोणता प्रतिशब्द कुठे योजायचा याचा निवाडा पुष्कळदा वाचकावर सोपवलेला असतो. सयाजीरावांच्या काळात, १९३१ साली, वडोदरा राज्याने ‘श्री सयाजीशासन-शब्दकल्पतरू’ काढून प्रशासकीय संज्ञांचे मराठी, गुजराती, संस्कृत, हिंदी अशा अनेक भाषांतील पर्याय शेजारी शेजारी मांडले होते. कार्यालयीन संज्ञेचा अर्थ ठरलेला असल्यामुळे ती पद्धत तिथे शोभली; ‘रन’ला ती पुरी पडली नसती.

नववीपासून पुढच्या विद्यार्थ्याने आणि इंग्रजी माध्यमातून शिकवणाऱ्या इथल्या विद्यापीठात नव्याने दाखल होणाऱ्याने हा कोश अवश्य घ्यावा. छापील प्रत वजनदार आहे, अक्षर बारीक आहे आणि चाळिशी लागलेल्यांना चष्म्यावाचून ती वाचवत नाही. उच्चार ऐकण्यासाठी संगणकावरची किंवा फोनवरची आवृत्ती बरी. मथळ्यांची नोंद मात्र कागदाच्या पानावर एका दृष्टिक्षेपात जशी दिसते तशी छोट्या पडद्यावर दिसत नाही, म्हणून मी छापील प्रतीलाच झुकते माप देईन. जुन्या पुस्तकांच्या दुकानात मागची एखादी आवृत्ती स्वस्तात मिळाली तरी ‘रन’पुरते फारसे बिघडत नाही, फक्त १९७४ ची तिसरी आवृत्ती टाळावी, कारण तिच्यात क्रियापदांच्या वाक्यरचना अक्षर-आकड्यांच्या संकेतांत दिलेल्या आहेत आणि ते संकेत उलगडण्यासाठी स्वतंत्र तक्ता पाहावा लागतो.