जुनी होबी 16: डोलकाठी मागे कलवली आणि बोट पळायला लागली

गेल्या ऑक्टोबरात मी आणि माझ्या भाच्याने मिळून एक जुनी होबी 16, म्हणजे दोन हलची (लांबट पोकळ तळांची) शिडाची बोट, घेतली. गोव्यातल्या करंजाळ्याच्या वाळूवर ठेवतो आणि शनिवार-रविवारी दुपारचा वायव्येचा वारा सुटला की पाण्यात लोटतो. पाच महिने वापरून हे लिहिते आहे.

कॅलिफोर्नियात सर्फबोर्ड बनवणाऱ्या होबी ऑल्टरने 1970 च्या सुमारास आणलेली ही बोट आजही शर्यतीत उतरते. लांबी 5 मीटर, वजन 145 किलो. तळाला सेंटरबोर्ड, म्हणजे बोट आडवी सरकू नये म्हणून पाण्यात उतरवायची फळी, नाही. दोन्ही हल बाहेरून सपाट, आतून फुगीर; तेवढ्यावर ती वाऱ्याच्या रेट्यात आपली वाट धरून राहते. जेटी नसलेल्या आम्हा दोघांना थेट वाळूत चढणारी बोटच हवी होती.

पहिले दोन महिने मात्र ती पळेना. वारा चढला की वाऱ्याआडच्या हलची नाळ, म्हणजे पुढचं टोक, पाण्यात घुसायची. एकदा तर आम्ही दोघं ट्रॅपीझवरून (डोलकाठीच्या तारेला लटकून बोटीबाहेर झुकायची सोय) पुढे फेकले गेलो आणि बोट नाळेवर कोलांटली. नवी शिडं घ्यायचं मी जवळजवळ ठरवलंच होतं. बरं झालं, नाही घेतली.

दोष डोलकाठीच्या उभेपणात होता. काठीला धरून ठेवणारी पुढची तार लांब सोडली, बाजूच्या तारा खालच्या छिद्रांत घेतल्या आणि काठी चांगली मागे कलवली. मग जिबचा (पुढच्या लहान शिडाचा) हॅलियर्ड, म्हणजे शीड वर चढवायची दोरी, इतका ताणला की पुढची तार ढिली पडली. ती तशीच पडायला हवी, कारण या बोटीत सगळा ताण जिबच घेते. नाळ वर राहू लागली. पण आता मेन शीट (मोठं शीड आवळायची दोरी) ओढली की शीड पुरतं ताणलं जायच्या आतच तिचा वरचा आणि खालचा ब्लॉक (कप्पी) एकमेकांना टेकायचे. त्यासाठी बुटके ब्लॉक घ्यावे लागले. या बोटीवर मी केलेला हा एकच मोठा खर्च, आणि तो मला अजिबात खुपत नाही.

काठी मागे गेली तसं सुकाणू हाताला जड झालं. अर्ध्या तासात खांदा भरून यायचा. सुकाणूची पाती पुढे, बोटीच्या पोटाखाली सरकवून घट्ट बसवली आणि दोन्ही पात्यांमधलं अंतर पुढून-मागून मोजून सारखं केलं. आता टिलर (सुकाणूचा दांडा) हाताच्या दोन बोटांत राहतो. बॅटनच्या (शिडात आडव्या घातलेल्या पट्ट्यांच्या) दोऱ्या शिडाच्या सुरकुत्या जातील इतक्याच ओढते. मंद वाऱ्यात त्या जास्त आवळल्या, तर दिशा बदलल्यावर बॅटन पलटतच नाहीत.

फेब्रुवारीत आग्वादच्या बाजूला जाताना आम्ही पहिल्यांदा, शेजारून नेहमी पुढे निघून जाणाऱ्या होबीला मागे टाकलं. भाचा इतका ओरडला की त्या बोटीवरच्यांनी हात हलवला.

काठी उभी करताना वर विजेच्या तारा नाहीत हे दोघांनी पाहायचं; ती अ‍ॅल्युमिनियमची, 8 मीटर उंच आहे. आणि वजनाचं पाहून घ्या. होबी 16 वर्गाच्या शर्यतीत दोघांचं मिळून किमान 129 किलो लागतं, आम्ही 117 भरतो. पुढच्या मोसमात उतरायचं तर 12 किलो शिसं बोटीवर न्यावं लागेल, आणि ते कुठे बांधायचं यावर सध्या आमचा वाद चालू आहे.