मुलीचा सुरक्षित ड्रायव्हिंगचा वर्ग: शरद ऋतू आणि एक अख्खा हिवाळा उलटल्यानंतरचा अनुभव

न्यू जर्सीत सोळाव्या वर्षी परमिट (शिकाऊ परवाना) काढायचे असेल, तर ड्रायव्हिंग स्कूलमध्ये ६ तास प्रत्यक्ष गाडी चालवण्याचे शिक्षण घ्यावे लागते. त्यानंतर किमान ६ महिने मोठ्या माणसाला शेजारी बसवून सराव करायचा आणि सतराव्या वर्षी रोड टेस्ट द्यायची, असा क्रम आहे. रोड टेस्टमध्ये पॅरलल पार्किंग, के-टर्न (पुढे-मागे करून गाडी उलट दिशेला वळवणे), सरळ रेषेत रिव्हर्स, स्टॉप साइनपाशी गाडी पूर्ण थांबवणे या गोष्टी पाहिल्या जातात आणि कित्येक केंद्रांवर ही परीक्षा रस्त्यावर न होता बंद आवारातच होते. त्यामुळे लायसन्स हाती पडते तोपर्यंत मुलाने चाळीस मैलांच्या वेगात जीव खाऊन ब्रेक एकदाही दाबलेला नसतो, आणि तो दाबायला शिकवण्याची सोय घरी नसते. आमच्या मुलीला मागच्या सप्टेंबरमध्ये आम्ही एकदिवसीय वर्गाला पाठवले ते मुख्यतः एवढ्यासाठी.

अमेरिकेत असे वर्ग साधारण दोन पद्धतींचे आहेत. बीएमडब्ल्यू कार क्लबच्या फाउंडेशनतर्फे चालणाऱ्या ‘टायर रॅक स्ट्रीट सर्व्हायव्हल’मध्ये मूल स्वतःची रोजची गाडी घेऊन येते आणि शेजारी स्वयंसेवक प्रशिक्षक बसतो. ड्रॅग रेसर डग हर्बर्ट यांनी २००८ मध्ये आपले दोन मुलगे अपघातात गमावल्यावर सुरू केलेल्या ‘ब्रेक्स’ या संस्थेत गाड्या संस्थेच्या असतात आणि पालकांपैकी एकाने सोबत थांबावे लागते. आम्ही ज्या वर्गाला गेलो तो पहिल्या पद्धतीचा होता. फी शंभर-सव्वाशे डॉलरच्या घरात होती आणि एका मोठ्या पार्किंग लॉटमध्ये नारंगी कोन मांडून दिवसभर सराव होता. स्वतःची गाडी नेता येते हा मला या पद्धतीचा सर्वांत मोठा फायदा वाटतो, कारण ब्रेकचा पेडल किती खाली जातो आणि टायरची पकड कधी सुटते हे प्रत्येक गाडीत वेगळे असते. मुलीला तेच आमच्या जुन्या सिव्हिकच्या बाबतीत कळले.

गाडी सुरू करण्याआधीचा अर्धा-पाऊण तास अनेक पालकांना कंटाळवाणा वाटला, मला मात्र तो फार मोलाचा वाटला. टायरमधील हवा टायरच्या कडेवर छापलेल्या आकड्याप्रमाणे भरायची नसून चालकाच्या दाराच्या चौकटीवरील स्टिकरप्रमाणे भरायची, स्टिअरिंग घड्याळाच्या नऊ आणि तीनवर धरायचे, कारण दहा आणि दोनवर धरलेले हात एअरबॅग फुगताना चेहऱ्यावर येऊ शकतात, छाती आणि स्टिअरिंग यांत किमान १० इंच अंतर ठेवायचे, आणि बाजूचे आरसे इतके बाहेर वळवायचे की डोके काचेकडे झुकवल्यावरच आपल्या गाडीची कड दिसेल. आरशांची ही मांडणी मुलीने उचलली आणि आता घरातील दोन्ही गाड्यांचे आरसे तिच्या पद्धतीने लावलेले असतात. मुलांना एका अठराचाकी ट्रकच्या चालकाच्या जागेवर बसवून भोवती उभ्या केलेल्या गाड्या मोजायला लावले. ट्रकच्या नाकासमोरची आणि उजव्या अंगाची गाडी वरून दिसतच नाही हे पाहिल्यापासून ती टर्नपाइकवर, म्हणजे टोलच्या हायवेवर, ट्रकच्या शेजारी रेंगाळत नाही.

खरा विषय ब्रेकचा. चाळीस मैलांचा वेग गाठायचा, ठरलेल्या कोनापाशी पूर्ण ताकदीने ब्रेक दाबायचा आणि गाडी पूर्ण थांबेपर्यंत पाय काढायचा नाही, असा साधा दिसणारा पाठ होता. पहिल्या वेळी तिने ब्रेक दाबला, एबीएस सुरू होऊन पेडल पायाखाली थरथरला, खालून खडखड आवाज आला आणि तिने दचकून पाय उचलला. गाडी पुढचे कोन पाडत बरीच पुढे गेली. शेजारच्या प्रशिक्षकाने शांतपणे सांगितले की ही थरथर म्हणजे बिघाड नव्हे, यंत्रणा काम करत असल्याची खूण आहे. चाक अडकू नये म्हणून एबीएस ब्रेकचा दाब सेकंदाला अनेक वेळा सोडते आणि धरते, त्यामुळे ब्रेक पूर्ण दाबलेला असतानाही गाडी वळवता येते. दुपारपर्यंत ती तोच ब्रेक इतक्या निर्धाराने दाबत होती की सीटबेल्ट खांद्यात रुतत होता. आमच्या पिढीतील पुष्कळ जण भारतात दुहेरी पेडलच्या मारुतीत, अर्धे काम उस्तादांच्या पायाने होत असताना, ब्रेक ‘मारत-सोडत’ लावायला शिकले. भारतात सर्व नव्या मोटारींना एबीएस सक्तीचे झाले ते २०१९ मध्ये, तेव्हा त्या काळी ती शिकवण योग्यच होती. पण एबीएसच्या गाडीत ती उलटी पडते, आणि शेजारी बसून सराव घेणारे आईवडील नेमकी तीच पुढे देतात. हा दोष घरच्या घरी निघणारा नव्हता.

वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतरचे अंतर साधारण चौपट होते, हे तिने फिजिक्सच्या वर्गात सोडवले होते. चाळीस मैलांना गाडी सेकंदाला ५८ फुटांहून अधिक जाते, म्हणजे पाय ब्रेककडे जाईपर्यंतच्या दीड सेकंदात ८८ फूट संपलेले असतात. हाच हिशेब पार्किंग लॉटमध्ये कोनांच्या रांगेने दाखवला, तेव्हा तिने पुढच्या गाडीपासून अंतर ठेवण्याबद्दल आमच्याशी वाद घालणे थांबवले.

साबणाच्या पाण्याने निसरड्या केलेल्या वर्तुळावर गाडी घसरवण्याचा भाग मुलांना सर्वांत आवडला, आणि माझी शंका तिथेच आहे. नॉर्वेमध्ये १९८०च्या दशकात घसरण्याच्या सक्तीच्या प्रशिक्षणाचा अभ्यास झाला, तेव्हा तरुण मुलांचे निसरड्या रस्त्यांवरील अपघात कमी होण्याऐवजी वाढल्याचे आढळले होते, कारण कौशल्यापेक्षा आत्मविश्वास अधिक वाढला. शिवाय अमेरिकेत २०१२च्या मॉडेलपासून प्रत्येक मोटारीत इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल सक्तीचे आहे, त्यामुळे घसरलेली गाडी सावरण्याचे पुष्कळसे काम गाडीच करते. आमच्या प्रशिक्षकाने हा भाग ‘सावरायला शिका’ असा न शिकवता ‘किती कमी वेगात गाडी हातची जाते ते पाहा’ असा शिकवला, हे त्याचे श्रेय. दुपारी दुसरा प्रशिक्षक शेजारी आला, तो मात्र वळणावर रेसिंगची रेषा कशी धरावी यावर रंगात येऊन बोलत राहिला. स्वयंसेवकांवर चालणाऱ्या वर्गात शेजारी कोण बसेल हा नशिबाचा भाग राहतो.

आता पुढच्या महिन्यांविषयी. नोव्हेंबरमध्ये, हरणांच्या दिवसांत, संध्याकाळी पाचच्या सुमारास काउंटी रोडवर डाव्या झाडीतून एक हरीण उडी मारून समोर आले. मी शेजारी बसले होते. तिने स्टिअरिंग सरळ ठेवून ब्रेक पूर्ण दाबला, पेडल खडखडला, पाय तसाच राहिला, आणि गाडी थांबली तेव्हा हरीण बंपरपासून हातभर अंतरावर होते. तिने आधी आरशात मागची गाडी पाहिली आणि मग म्हणाली, “आई, दुसरं येईल, थांबू या जरा.” ते आलेच. हरीण चुकवायला गाडी वळवली तर झाड किंवा समोरची गाडी मिळते, म्हणून सरळ थांबायचे, हे ड्रायव्हिंगच्या पुस्तकात तिने वाचलेले होतेच. पायाला ते ठाऊक झाले वर्गामुळे, असे मी खात्रीने म्हणू शकते.

घसरण्याच्या पाठाचे मात्र तसे नाही. जानेवारीतील पहिल्या बर्फात तिची नजर पुन्हा थेट बंपरसमोर खिळली होती. जिथे जायचे आहे तिथे पाहा, हे वर्गात शंभरदा सांगितलेले विसरले गेले होते. परवानगी घेऊन एका रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये अगदी हळू वेगात पुन्हा सराव केला, तेव्हा ते परत जुळले. हे कौशल्य उजळणीवाचून टिकत नाही.

ज्याने तरुण मुलांचे अपघात सर्वाधिक होतात त्याला हा वर्ग फारसा हात घालत नाही. इथल्या इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टीच्या आकडेवारीप्रमाणे १६ ते १९ वयोगटात मैलामागे प्राणघातक अपघातांचे प्रमाण वीस वर्षांवरील चालकांच्या जवळजवळ तिप्पट आहे, आणि मित्रमैत्रिणी गाडीत असल्या की धोका आणखी वाढतो. त्यावर वर्गात एक व्याख्यान झाले आणि मुलांनी ते जेवणानंतरच्या सुस्तीत ऐकले. आमच्याकडे त्या बाबतीत उपयोग झाला तो राज्याच्या नियमांचा: रोड टेस्टनंतरच्या प्रोबेशनरी लायसन्सवर आईवडील सोबत नसतील तर साधारणपणे एकच प्रवासी, रात्री ११ नंतर पहाटे ५ पर्यंत गाडी नाही, हँड्सफ्री फोनही नाही, आणि नंबरप्लेटवर २०१० पासून सक्तीचे झालेले लाल स्टिकर. मैत्रिणींना नाही म्हणायला तिला नियमाचा आधार पुरतो. वर्गाने तो दिला नसता.

पैशांच्या बाजूने अपेक्षा ठेवू नये. आमच्या विमा कंपनीने या वर्गासाठी एक डॉलरही कमी केला नाही. राज्यमान्य डिफेन्सिव्ह ड्रायव्हिंगच्या अभ्यासक्रमाला मिळणारी सवलत वेगळी, आणि तो ऑनलाइनही करता येतो, पण त्यात ब्रेक दाबावा लागत नाही. टायर झिजलेले असतील तर वर्गाच्या आधी बदलावेत, डिकीतील सामान आणि सैल चटया काढून ठेवाव्यात, आणि मुलांच्या पाळ्यांमध्ये बराच वेळ उभे राहावे लागते म्हणून पालकांनी खुर्ची न्यावी.

धाकटा पुढच्या वर्षी परमिट काढील आणि त्यालाही पाठवणार आहोत, पण परमिट मिळाल्याबरोबर नव्हे. तीन-चार महिने आमच्याबरोबर गाडी चालवून गिअर, आरसे, लेन यांत त्याचे लक्ष गुंतेनासे झाले की, आणि शक्यतो पहिल्या बर्फाच्या आधी. थोरलीचीही त्याच दिवशी नोंदणी करणार आहोत. पुन्हा येणाऱ्या मुलांना बहुतेक ठिकाणी मज्जाव नसतो.